‘कथा खपत नाही’ ही थाप आहे

“मॅडम, जाड बघून द्या. महिनाभर पुरलं पाहिजे.”

गेली अठ्ठावीस वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी बसते. पहिली काही वर्षं हे वाक्य मला खटकलं नाही. पावसाळ्याआधी माणूस घरात धान्य भरतो, तसं कुणी वाचायला भरून ठेवत असेल तर बिघडलं कुठं, असं वाटायचं. आता मात्र ते कानावर पडलं की संताप येतो. संताप त्या सभासदावर नाही. त्याला हे वाक्य ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर आहे.

कारण तेच वाक्य आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूनंही येतं. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन येणारा विक्रेता सांगतो, “कादंबऱ्या घ्या, कथासंग्रह पडून राहतात.” प्रकाशक नव्या लेखकाला विचारतो, “कादंबरी आहे का? कथा खपत नाहीत.” समीक्षक एखाद्या कथाकाराचं कौतुक करता करता शेवटी सांगून मोकळा होतो की आता त्यांच्याकडून कादंबरीची अपेक्षा आहे. म्हणजे वीस वर्षं त्या माणसानं जे लिहिलं ती नुसती तालीम होती, खरा प्रयोग अजून व्हायचाच आहे.

मी सरळ सांगते. ‘कथा खपत नाही’ ही थाप आहे. ती इतकी वर्षं, इतक्या तोंडांनी सांगितली गेली की सांगणाऱ्यांनाही ती खरी वाटू लागली. तिच्यापायी मराठीनं आपलं सगळ्यात धारदार हत्यार माळ्यावर टाकून दिलं आहे.

परत आलेलं पुस्तक खोटं बोलत नाही. जाडजूड कादंबरी परत येते तेव्हा साठाव्या-सत्तराव्या पानाशी एसटीचं तिकीट नाहीतर औषधाची चिठ्ठी अडकलेली असते आणि त्यापुढची पानं करकरीत असतात. पाचशे पानांच्या कादंबऱ्यांची शेवटची, एकमेकांना चिकटलेली पानं मी माझ्या हातानं सोडवली आहेत. त्यांना तोवर कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. मिरासदारांचा, शंकर पाटलांचा, रत्नाकर मतकरींचा, व. पुं.चा संग्रह मात्र परत येतो तो दमूनभागून येतो. शिवण सैल झालेली, कोपरे मऊ पडलेले, कुठं हळदीचं बोट, कुठं चहाचा डाग, आणि डाग शेवटच्या कथेवरही. मागच्या पुठ्ठ्यावरचा तारखांचा कागद भरतो, त्यावर दुसरा चिकटवावा लागतो. आमच्याकडची कोणती पुस्तकं दर दोन-तीन वर्षांनी बांधणीला जातात, हे आमच्या बाइंडरला विचारा. तो एका दमात कथाकारांची नावं सांगेल.

जाड पुस्तक नेलेला सभासद पंधरवड्यानं येतो. पुस्तक पुढं सरकवताना तो माझ्याकडे बघत नाही. विचारलं तर म्हणतो, “वेळच मिळाला नाही.” त्याला वाटतं आपणच कमी पडलो. हे मला सर्वांत जास्त लागतं. अहो, तुम्ही कमी पडला नाहीत. शंभर पानांचा ऐवज ज्यांनी पाचशे पानांत पातळ केला, ते कमी पडले. ताकात पाणी घालून घालून त्यांनी नुसतं पाणी वाढलं, आणि ते घशाखाली उतरलं नाही म्हणून तुम्ही मान खाली घालता.

मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली पुस्तकं कोणती ते आठवा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’. बेचाळीस रात्री, आणि प्रत्येक रात्र स्वतःपुरती पुरी. कोणतीही काढा, वाचा, डोळे पुसा आणि झोपा. पु. लं.चं ‘व्यक्ती आणि वल्ली’, माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’, चिं. वि. जोश्यांचे चिमणराव. यांतलं कोणतंही पुस्तक एकच कथानक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओढत नेत नाही. दहा-पंधरा पानांत माणूस उभा करायचा, त्याच्यासकट त्याचा गाव उभा करायचा आणि बाजूला व्हायचं, ही मराठी गद्याची खरी कमाई आहे. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार हे तिघं कथाकथनाला उभे राहायचे तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांनी दाटीवाटीनं बसून कथा ऐकली. ज्यांनी आयुष्यात पुस्तक विकत घेतलं नव्हतं, त्यांनीही ऐकली. ज्या भाषेत कथेसाठी मैदानं भरली, त्या भाषेत कथेला गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार.

मग ही थाप आली कुठून? धंद्यातून आली. पुस्तकाची किंमत पानांवर ठरते. सोळा पानांचा एक फर्मा, जितके फर्मे तितकी किंमत. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, वितरकाची धावपळ हा खर्च सव्वाशे पानांच्या पुस्तकालाही चुकत नाही, पण सव्वाशे पानांवर किंमत किती लावणार? चारशे पानांवर तिप्पट लावता येते. ग्रंथालयाच्या खरेदीत दहा जाड पुस्तकं दिली की बिल पुरं होतं, बारीक पुस्तकं पंचवीस द्यावी लागतात. कथासंग्रह परवडत नाही, हे खरं कारण आहे. पण ते उघडपणे सांगण्याऐवजी दोष वाचकावर ढकलला. परवडत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून खपत नाही म्हणाले.

या लबाडीनं काय होतं ते मी एका माणसाच्या बाबतीत डोळ्यांसमोर पाहिलं आहे. आमच्या आगारात एक कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवर ड्यूटी असली की रात्री कुठल्याशा वाडीत गाडी उभी राहायची आणि हे दिव्याखाली बसून लिहायचे. एक दिवस त्यांनी वहीतल्या नऊ कथा माझ्या टेबलावर ठेवल्या. “मॅडम, वाचून बघा. बरं नसलं तर बरं नाही म्हणा.”

त्यातली एक कथा अकरा पानांची होती. आजारी मुलाला मांडीवर घेऊन एक बाई पहाटेच्या गाडीनं तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली असते. निम्म्या वाटेत तिला कळतं की मूल गेलं. ती रडत नाही. प्रेत आहे असं कळलं तर गाडीतून उतरवतील, आणि मधल्या माळावर उतरून ती करणार काय? ती मुलाच्या अंगावरची शाल सारखी करते आणि खिडकीबाहेर बघत बसते. कंडक्टर तिकिटाला येतो. त्याचा हात चुकून मुलाच्या पायाला लागतो आणि त्याला सगळं समजतं. तो काही बोलत नाही. बाईचं एक तिकीट देतो, आणि मग एक अर्धं तिकीट काढून मुलाच्या मुठीत सरकवतो. ज्याच्याकडे तिकीट आहे त्याला गाडीतून कोण उतरवणार? कथा संपली.

मी ती कथा टेबलाशीच वाचली आणि समोर पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या सभासदाची नोंद करायला विसरले.

ते हस्तलिखित घेऊन ते एका प्रकाशकाकडे गेले. नाव सांगत नाही, कारण तो एकटा दोषी नाही, दुसऱ्यानंही हेच केलं असतं. प्रकाशकानं कथा वाचल्या, आवडल्या म्हणाला आणि पुढं म्हणाला, “कथा चालत नाहीत. या नऊ कथांमधला कंडक्टर एकच करा, त्याला बायको द्या, थोडं प्रेमप्रकरण घाला, संपाचा भाग आणा. तीनशे-साडेतीनशे पानं झाली की कादंबरी काढू.”

बिचाऱ्यांनी दोन वर्षं रात्री जागून ते केलं. नऊ जिवंत कथांची हाडं मोडून एक धड शिवलं. त्या बाईला माहेर मिळालं, नवऱ्याचं व्यसन मिळालं, मुलाच्या आजाराचा इतिहास मिळाला. आणि अर्ध्या तिकिटानंतर दोन पानं आली. त्या दोन पानांत कंडक्टरनं असं का केलं, त्याला काय वाटलं, माणुसकी म्हणजे काय, हे सगळं फोड करून सांगितलं होतं. प्रकाशकाच्या माणसानंच ती घालायला लावली होती, “वाचकाला कळलं पाहिजे” म्हणून. वाचकाला कळत नाही हे याला कुणी सांगितलं? वहीतली ती कथा मी आमच्या शिपायालाही वाचून दाखवली होती. सातवी शिकलेला तो माणूस अर्ध्या तिकिटापाशी उठून बाहेर गेला. त्याला फोड करून सांगावी लागली नव्हती.

कादंबरी आली, कुणी वाचली नाही. प्रकाशकानं वर ऐकवलं, “तुमचं नाव नवीन आहे ना.” त्या माणसानं त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही. हा मी खून मानते.

धंदेवाल्यांना निदान पोटाची सबब आहे. समीक्षकांना तीही नाही. मराठीत कथेला कमी लेखण्याची जी विद्वत्मान्य चाल पडली, तिच्यामागे भालचंद्र नेमाड्यांच्या मताचं मोठं वजन आहे. कादंबरी हा आयुष्याचा मोठा आवाका पेलणारा प्रकार आणि लघुकथा हा हलका, नियतकालिकांच्या आश्रयानं फोफावलेला प्रकार, अशी ती मांडणी. नेमाडे कादंबरीकार म्हणून मोठे आहेत, ‘कोसला’ मी किती जणांच्या हातात दिली असेल याला गणती नाही. पण हे मत चूक आहे, आणि मोठ्या माणसाची चूक मोठं नुकसान करते.

नियतकालिकांच्या आश्रयाचं म्हणाल तर मराठी कादंबरी कुठं वाढली? हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं वाचकांपुढं आली. तिच्या मोठेपणाला त्यानं काही बाधा आली का? मग ‘सत्यकथा’ मासिकात छापली म्हणून कथा हलकी कशी होते? आणि कथेला देशी मुळं नाहीत असं म्हणाल तर मराठी गद्याच्या मुळाशीच जा. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ लहान लहान लीळांनी बनलेलं आहे. काही लीळा तर चार-सहा वाक्यांच्या आहेत. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त एकशे चौदा दृष्टांत आहेत, प्रत्येक आपल्या जागी पुरा. ज्या भाषेचं गद्य जन्मालाच या घाटात आलं, तिच्यात छोटा घाट परका कसा? मला विचाराल तर कथा ही मराठीची घरची मुलगी आहे, आणि आपण तिला उपरी ठरवून ओसरीवर बसवलं.

पुरस्कारांचा हिशेब बघा. गंगाधर गाडगीळ हे मराठी नवकथेचे अध्वर्यू. त्यांना साहित्य अकादमी मिळाली ती 1996 साली, ‘एका मुंगीचे महाभारत’ या आत्मचरित्राला. व्यंकटेश माडगूळकरांनी मराठी ग्रामीण कथेचा चेहरा बदलला. त्यांना अकादमी मिळाली ‘सत्तांतर’ या कादंबरीला. मराठीला आजवर चार ज्ञानपीठं आली, दोन कवींना आणि दोन कादंबरीकारांना. 2012 साली जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला, 2016 साली आसाराम लोमटेंच्या ‘आलोक’ला आणि 2021 साली किरण गुरवांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला अकादमी मिळाली, तेव्हा मला वाटलं की आता तरी डोळे उघडतील. गिरणगावाच्या राखेतून पवारांनी जे उचललं, मराठवाड्याच्या खेड्यातून लोमट्यांनी जे दाखवलं, ते दाखवायला त्यांना पाचशे पानं लागली नाहीत. या तिन्ही पुस्तकांचा आमच्या भागात कुणी कार्यक्रम केला नाही. त्याच काळात एका ऐतिहासिक कादंबरीच्या प्रकाशनाला ढोल-ताशे होते.

आता मालिकांकडे येते. भाग एक, भाग दोन, भाग तीन. त्रयी. महागाथा. पहिला भाग अशा ठिकाणी तोडायचा की वाचकाचा घास घशात अडकावा, आणि दुसऱ्या भागाची वाट बघत त्यानं वर्ष काढावं. मोबाइलवरच्या वाचनाच्या ॲपांवर तर याचा कळस झाला आहे. शंभर-शंभर भागांच्या कथामालिका, दर भागाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावतं नाहीतर कुणीतरी बेशुद्ध पडतं. संध्याकाळच्या टीव्ही मालिकांनी जी खोड लावली, तिला आता वाचन म्हणायचं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी विचारते, ही ऐंशी भागांची गोष्ट कशाबद्दल आहे? त्या सांगतात की अमक्याचं तमकीशी लग्न होतं का, याबद्दल. ऐंशी भाग वाचून त्यांच्या हाती एवढंच लागतं.

मी मालिकेच्या विरोधात नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची वीस पुस्तकं आमच्या बालविभागात आहेत. कोणतंही उचला, गोष्ट त्याच पुस्तकात सुरू होते आणि त्याच पुस्तकात संपते. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पिढ्या पोसल्या, पण अर्णाळकरांनी वाचकाला कधी अर्ध्यात लटकवलं नाही. आठ आण्यांचं पुस्तक घेणाऱ्याला त्यांनी आठ आण्यांची पुरी गोष्ट दिली. माळेतला प्रत्येक मणी गोल असावा लागतो. एकच मणी फोडून त्याच्या कपच्या ओवल्या तर ती माळ होत नाही.

मोठ्या कादंबरीच्याही विरोधात मी नाही. श्री. ना. पेंडश्यांचे ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहेत आणि एक पान कमी करता येणार नाही. जगबुडीच्या काठावर एका घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या जाताना दाखवायच्या तर तेवढा पसारा लागतोच. विषयानं लांबी मागितली, लेखकानं दिली. आणि विषयानं मागितली नाही तेव्हा मोठ्या लेखकांनी हात आवरता घेतला. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ 1939 चं आणि माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. एका बैठकीत संपणाऱ्या कादंबऱ्या, आणि त्यांच्यापुढं आजच्या किती सहाशेपानी कादंबऱ्या उभ्या राहतील? आजच्या बाजारात बेडेकर हस्तलिखित घेऊन गेले असते तर त्यांना सांगितलं असतं, बोटीवरचा प्रवास थोडा वाढवा, दुसरा भाग काढू.

कथेचे शत्रू ओळखता येतात. तिचे खोटे मित्र जास्त घातकी आहेत. ते म्हणतात, आजच्या माणसाला वेळ नाही, म्हणून कथा वाचा, लोकलच्या दोन स्टेशनांत संपते. कथेची याहून मोठी बेअब्रू नाही. कथा कमी वेळात संपते म्हणून मोठी नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तली एक कथा वाचायला तास लागतो आणि पचायला आठवडा. कादंबरीत दहा पानं डुलकी लागली तरी गोष्ट सापडते. चांगल्या कथेत एक वाक्य निसटलं तर सगळी कथा निसटते. कथा वाचायला कादंबरीपेक्षा जास्त तयारीचा, जास्त जागा वाचक लागतो. तिला फावल्या वेळेचा चिवडा म्हणून विकणारे तिला मारूनच विकतात.

त्यांचंच पुढचं अपत्य म्हणजे ‘अलक’. अतिलघुकथा. चार ओळी, शेवटच्या ओळीत एक धक्का, मग फॉरवर्ड. वृद्धाश्रमातली आई, परदेशातला मुलगा, शेवटच्या ओळीत डोळ्यांत पाणी. रोज सकाळी माझ्या फोनवर चार येतात. ‘दृष्टांतपाठा’तला दृष्टांत छोटा आहे, पण त्याच्यामागे आयुष्यभराची साधना आहे. अलकेमागे फक्त अंगठा आहे. छोटेपणा म्हणजे कथा असं समजणारे आणि जाडी म्हणजे कादंबरी असं समजणारे एकाच जातीचे. दोघंही पट्टी घेऊन बसले आहेत, वाचायला कुणीच बसलेलं नाही.

कथेनं या समाजाला काय केलं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऐकावं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचं पुस्तक आलं. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनात आणि देहात काय चाललं आहे ते त्या कथांनी उघड सांगितलं आणि महाराष्ट्र हादरला. ही बाई कोण, तिला समोर आणा, म्हणून लोक चवताळले. मालतीबाईंना टोपणनावाआड राहावं लागलं. तो एक कथासंग्रह होता. 1963 साली बाबुराव बागूलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं. मराठी साहित्यानं तोवर ज्या वस्तीकडे पाठ फिरवली होती, तिथली माणसं त्यातून सरळ अंगावर चालून आली आणि दलित गद्याला वाट मिळाली. तोही कथासंग्रहच होता. ‘कोसला’ही त्याच वर्षी आली. दोन्ही पुस्तकांनी मराठी गद्य बदललं. मग एकाला मखर आणि दुसऱ्याला ‘कथासंग्रह’ या रकान्यातलं एक नाव, हा न्याय कुठला?

आणि जी. ए. कुलकर्णी. धारवाडसारख्या कानडी मुलखात राहून या माणसानं आयुष्यभर मराठी कथा लिहिली. कादंबरी त्यांना परकी नव्हती. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन भागांच्या कादंबरीमालिकेचे ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ हे अनुवाद त्यांनीच केले. म्हणजे त्रयी कशी बांधतात हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. तरी स्वतःची म्हणून त्यांनी कथाच लिहिली, कारण त्यांना जे दिसत होतं ते तिच्यातच मावत होतं. आज जी. ए. कुणा प्रकाशकाकडे ‘निळासावळा’ घेऊन गेले तर त्यांना काय उत्तर मिळेल, हे लिहिताना माझा हात थरथरतो. त्यांनाही पानं वाढवायला सांगतील.

त्याच कर्नाटकातून 2025 साली एक उत्तर आलं. हासनच्या बानू मुश्ताक यांच्या बारा कथांचा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत केलेला अनुवाद, ‘हार्ट लॅम्प’, याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. या बाईंनी तीन दशकं कन्नडमध्ये कथा लिहिल्या, कुणीतरी त्या छापल्या, कुणीतरी जपल्या, कुणीतरी जीव लावून भाषांतरित केल्या. आमच्याकडे बातमी आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच आठवड्यात विक्रेता माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “मॅडम, त्या पुस्तकाचं चाललंय खरं, पण आपल्याकडे कथा चालत नाहीत.”

दिवाळी अंकांवरही बोलायला हवं. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडलं आणि कथेचं वर्षभराचं घर गेलं. उरली वर्षातून एकदा येणारी दिवाळी. त्यातही जाहिरातींच्या पानांमध्ये उरलेल्या जागेत कथा, आणि कितीतरी ठिकाणी लेखकाला मानधन म्हणून अंकाची एक प्रत. छपाईवाल्याला पैसे, चित्रकाराला पैसे, कुरिअरवाल्याला पैसे. ज्याच्या मजकुरावर अंक उभा, त्याला शुभेच्छा. डिसेंबरात ते अंक रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर वर्षभराची मराठी कथाही जाते. हे आपण दरवर्षी करतो आणि मग ‘नवे कथाकार कुठं आहेत’ म्हणून परिसंवाद भरवतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रकाशकांनो, कथासंग्रहाची किंमत पानांवर लावू नका, ऐवजावर लावा, आम्ही देऊ. कथाकाराकडे कादंबरी मागू नका, त्याची पुढची कथा मागा. संपादकांनो, कथेला पैसे द्या, नसतील तर अंक काढू नका. समीक्षकांनो, ‘आता कादंबरीची अपेक्षा’ हे वाक्य पुन्हा लिहू नका. माझ्या ग्रंथपाल बहीण-भावांनो, बिल लवकर पुरं व्हावं म्हणून जाड पुस्तकं घेण्याची सवय आपणही लावून घेतली आहे. मीही ते केलं आहे, आणि ते पाप आहे. आणि सभासदहो, ‘महिनाभर पुरेल असं’ जरूर मागा. महिनाभर पुरणारी अकरा पानं माझ्याकडे आहेत.

खरंच आहेत. कंडक्टरांची ती वही मी त्यांच्या परवानगीनं टाइप करून घेतली, बाइंडरकडून पुठ्ठ्यात बांधून घेतली आणि मागं तारखांचा कागद चिकटवला. छापील पुस्तक नसल्यानं तिला दाखल क्रमांक देता येत नाही, तरी मी ती देवघेवीत ठेवते. याच माणसाची छापील कादंबरी रीतसर दाखल क्रमांकासह वरच्या फळीवर आहे आणि तिच्यामागच्या कागदावर तीन तारखा आहेत. वहीमागचा पहिला कागद भरला, दुसरा भरला, परवा मी तिसरा चिकटवला. अर्ध्या तिकिटाच्या पानाचा कोपरा बोटं लागून लागून काळा पडला आहे.

एकशे अठ्ठावीस पानं आहेत. बरोबर आठ फर्मे. छापा.